जुन्या मोटारींना वारस कोण?

१/ २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईच्या ताडदेव आरटीओत 'प्रीमियर पद्मिनी' या मोटारीची टॅक्सी म्हणून शेवटची नोंदणी झाली. मुंबईतील टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून कायद्यानेच निवृत्त झाली. वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांवर बरीच हळहळ व्यक्त झाली, आणि ती खरीही होती. हळहळ ओसरल्यावर मात्र एक अवघड प्रश्न मागे उरला. जुन्या मोटारी जपण्याचे काम आजवर ज्या हौशी मंडळींनी केले, त्यांच्यातील बहुतेक जण आता उतारवयात आहेत. त्यांच्यामागे हे काम कोण करणार?

२/ यावर एक तयार उत्तर नेहमी ऐकू येते : आजच्या तरुणांना जुन्या वस्तूंची ओढच राहिलेली नाही. हा धागा त्या उत्तराशी असहमत आहे. जुन्या मोटारींचा छंद म्हातारा झाला, याचे कारण तरुणांच्या उदासीनतेपेक्षा छंदाने स्वतःच ठरवलेल्या व्याख्येत अधिक सापडते. या छंदाने संस्थानिकांच्या मोटारीला वारसा म्हटले आणि सामान्य कुटुंबाच्या गाडीला भंगार. त्याने मालकाचे नाव लिहून ठेवले, मिस्त्रीचे लिहिले नाही. पुढे कायद्यानेही जवळपास तीच व्याख्या उचलली. ही व्याख्या बदलली तर वारस मिळतील. ती बदलली नाही, तर गाड्या उरतील आणि त्यांना सुरू करणारा हात उरणार नाही.

३/ आरंभ छंदाच्या जन्मकथेपासून करावा लागतो. ब्रिटनमध्ये १८९६ साली मोटारींवरील जाचक वेगमर्यादा सैल झाली. ताशी ४ मैलांवरून ती १४ मैलांवर गेली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी सफर केली. १९२७ मध्ये त्या सफरीचे पुनरावर्तन झाले आणि तेव्हापासून, युद्धकाळासारखे अपवाद वगळता, ती परंपरा चालू आहे. १९३० मध्ये ब्रिटनमध्ये 'व्हेटरन कार क्लब' स्थापन झाला. १९२७ च्या त्या सफरीतील 'पुरातन' मोटारी किती जुन्या होत्या? केवळ वीस-तीस वर्षांच्या.

४/ १९३४ मध्ये 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' निघाला. तो फार श्रीमंत नसलेल्या मोटारप्रेमींसाठी आहे, असे त्याच्या संस्थापकांनी आवर्जून म्हटले होते. स्वस्त, ठोकळेबाज, मोठ्या संख्येने बनणाऱ्या नव्या गाड्यांपेक्षा १९२० च्या दशकातील गाड्यांची बांधणी सरस होती, असे या मंडळींचे मत होते. आज जगभर 'व्हिंटेज' म्हणजे १९१९ ते १९३० या काळातील मोटार, ही व्याख्या रूढ आहे ती याच क्लबामुळे. गंमत अशी, की क्लब सुरू झाला तेव्हा त्यातील काही गाड्या जेमतेम चार-पाच वर्षांच्या होत्या. तरुणांनी, परवडणाऱ्या पैशांत, आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत चाललेले यंत्र वाचवायचे ठरवले, हा या छंदाचा मूळ स्वभाव होता.

५/ आता हेच गणित आजच्या काळाला लावून पाहावे. १९२७ मध्ये ब्रायटनला निघालेल्या हौशी लोकांना त्यांच्या गाड्या जितक्या जुन्या वाटत होत्या, साधारण तितक्याच जुन्या आज कोणत्या गाड्या आहेत? १९९३ ची मारुती झेन. १९९१ ची टाटा सिएरा. १९९८ च्या अखेरीस आलेली आणि पुण्यात घडलेली टाटा इंडिका. यांपैकी एखादी गाडी जपून ठेवणाऱ्या तरुणाला मात्र 'खटारा ठेवलाय' असे ऐकावे लागते. तो वस्तुतः १९२७ च्या आणि १९३४ च्या संस्थापकांचाच खरा अनुयायी आहे.

६/ प्रत्येक पिढी आपल्या बालपणी ज्या गाड्या पाहते, त्यांच्याच मागे पुढे लागते. अमेरिकेत २०१७ मध्ये 'रॅडवुड' नावाचा मेळावा सुरू झाला. त्याचा सारा भर १९८० आणि १९९० च्या दशकांतील गाड्यांवर आहे आणि तेथे तरुणांची गर्दी असते. त्याच देशात पंचवीस वर्षे जुनी झालेली परदेशी मोटार आयातीच्या सुरक्षानियमांतून सुटते. त्या नियमामुळे २०१४ पासून १९८९ च्या जपानी निस्सान स्कायलाइन गाड्या तेथे येऊ लागल्या आणि त्यांच्यामागे एक संपूर्ण तरुण पिढी आली. ओढ जिवंत आहे. तिची वस्तू बदलली आहे. ज्येष्ठ मंडळींना आपल्या रोल्स-रॉइसभोवती तरुण दिसत नाहीत, म्हणून छंद संपला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

७/ भारतात, आणि त्यातही मुंबईत, या छंदाची वाट थोडी निराळी होती. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे मोटारजोडणीचा कारखाना उघडला. सुटे भाग बोटीने येत आणि गाडी शिवडीत उभी राहत असे. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले, की केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी येथे उत्पादन तरी करावे किंवा जावे. जनरल मोटर्स १९५४ च्या सुमारास गेली. त्यानंतर देशात थोड्याच जातींच्या मोटारी बनत राहिल्या आणि आयात जवळजवळ थांबली. परिणामी युद्धपूर्व काळातील परदेशी गाड्या वाड्यांच्या, राजवाड्यांच्या आणि गिरणीमालकांच्या बंगल्यांच्या आवारांत थांबून राहिल्या.

८/ त्यांतील कित्येक अद्वितीय होत्या. इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी खास बॉडी चढवली होती. मोटार-इतिहासातील गाजलेल्या गाड्यांत तिची गणना होते, आणि ती आज परदेशात आहे. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले, आणि परदेशी खरेदीदारांनी पडत्या भावात अशा अनेक गाड्या देशाबाहेर नेल्या. अखेर १९७० च्या दशकात सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली. निर्णय योग्य होता. तोवर बरेच निसटले होते.

९/ उरलेले ज्यांनी वाचवले ती या छंदाची संस्थापक पिढी. कोलकात्याच्या 'स्टेट्समन' वृत्तपत्राची व्हिंटेज रॅली १९६४ पासून सुरू झाली. मुंबईत 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया' उभा राहिला. प्राणलाल भोगीलाल यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद सांभाळले. अहमदाबादजवळ कठवाडा येथे त्यांनी उभारलेला संग्रह आजही पाहता येतो. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. भंगारवाल्याच्या कात्रीखाली जाणारी गाडी सोडवून आणणे, तिच्या एकेका भागासाठी वर्षानुवर्षे शोध घेणे, हे या पिढीने स्वतःच्या पैशांनी आणि वेळाने केले. त्यांचे ऋण नाकारून या विषयावर काही बोलणे कृतघ्नपणाचे होईल.

१०/ तरीही त्यांच्या कामाची एक मर्यादा सांगावी लागते. दुर्मीळ ते वाचवावे, हा त्यांचा निकष आणीबाणीच्या काळात बरोबर होता. पुढे तोच कायमचा झाला. प्रदर्शनांत संस्थानिकांच्या गाड्या पुढे आणि मध्यमवर्गीय गाड्या मागच्या रांगेत, ही मांडणी रुळली. पाहणाऱ्या पंचविशीतील मुलीला किंवा मुलाला त्यातून एकच निरोप मिळाला : हे सुंदर आहे, हे दोरीपलीकडून पाहा, हे तुझ्या आयुष्यात कधी तुझे होणार नाही. प्रेक्षक म्हणून बोलावलेली माणसे वारस होत नाहीत. वारस व्हायचे तर बोनेट उघडून आत हात घालावा लागतो.

११/ पद्मिनीची कहाणी येथे उपयोगी पडते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्याच वालचंदांचे नाव जहाजबांधणीत आणि विमानकारखान्यातही घेतले जाते. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने वाहने बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, १९६४ पासून 'फियाट ११००' चे नवे रूप येथे बनू लागले, आणि १९७४ मध्ये तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागच्या चाकांना गती. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. कुर्ल्याच्या त्या जमिनीवर आज मोठे गृहसंकुल उभे आहे.

१२/ ही गाडी वेगवान नव्हती आणि दुर्मीळही नव्हती. ती इतिहासाचे साधन म्हणून मोलाची आहे. परवाना राज म्हणजे काय, हे समजावून सांगताना गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणारे कुटुंब हे कोणत्याही आकडेवारीपेक्षा बोलके उदाहरण आहे. मुंबईची टॅक्सी, तिच्यावर पोट भरणारी स्थलांतरित कुटुंबे, कुर्ल्याच्या कारखान्यातील कामगार, गल्लीतील गॅरेज, सारे या एका यंत्राला जोडलेले आहे. होळकरांची ड्यूसेनबर्ग एका राजाच्या अभिरुचीची साक्ष देते. पद्मिनी एका शहराच्या तीन-चार दशकांची साक्ष देते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन साक्षींत उच्च-नीच मानू नये. पहिली मात्र जपली गेली आणि दुसरी बहुतांशी तोडली गेली.

१३/ आता कौशल्याकडे. जुनी मोटार म्हणजे पत्रा आणि लोखंड एवढेच गृहीत धरले, तर ती गॅरेजात झाकून ठेवणे पुरेसे ठरते. तिला चालवायचे असेल तर निराळीच विद्या लागते. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटांमधील फट पातळ पट्टीने मोजून ठेवणे, आवाज ऐकून कार्ब्युरेटर लावणे, टॅपेट जुळवणे, ही त्यातली सोपी कामे. युद्धपूर्व गाडीचे व्हाइट मेटलचे बेअरिंग वितळलेल्या धातूने ओतावे लागते आणि मग हाताने खरवडून शाफ्टला बसवावे लागते. कित्येक जुन्या बॉड्यांच्या आत लाकडी सांगाडा असतो, त्याला सुतार लागतो. पत्र्याचा पोचा पुट्टीने न भरता ठोकून काढणारा, किंवा शिशाच्या डागाने भरणारा कारागीर लागतो.

१४/ या विद्येचे ग्रंथ फार थोडे आहेत. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे, बापाकडून मुलाकडे, हाताखाली पाना देता देता गेली. इंजेक्टर आणि संगणकीय निदानयंत्रे आली तसा शागिर्द नव्या गाड्यांकडे वळला. त्याने वळू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याला घर चालवायचे आहे. पण मग परिणाम स्पष्ट आहे. मालकाच्या मुलाला मोटार वारसाहक्काने मिळते. मिस्त्रीची विद्या तशी मिळत नाही. ज्येष्ठ संग्राहकाच्या निधनानंतर गाड्या विकल्या जातात तेव्हा निदान बातमी होते. सत्तरीचा मिस्त्री काम थांबवतो तेव्हा ती बातमी होत नाही, आणि नुकसान मात्र त्याच दिवशी अधिक झालेले असते.

१५/ छंदाच्या स्वतःच्या नोंदींतही हा मिस्त्री क्वचित सापडतो. रॅलीच्या फलकावर गाडीचे साल, कंपनी आणि मालकाचे नाव असते. ती गाडी भंगारातून उठवून चालती करणाऱ्या हातांचा उल्लेख अपवादाने होतो. मंदिराच्या शिलालेखात दात्याचे नाव कोरलेले असते आणि पाथरवटाचे बहुधा नसते, त्याचीच ही विसाव्या शतकातील आवृत्ती. जुन्या शिलालेखांबद्दल आज खंत करण्यापलीकडे काही करता येत नाही. मोटारींचे कारागीर मात्र अजून हयात आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोरबाजाराच्या गल्ल्यांत, पुण्या-कोल्हापूरच्या जुन्या गॅरेजांत जुन्या भागांची आणि जुन्या यंत्रांची जाण असलेली माणसे भेटतात. त्यांना विचारणारे कोणी हवे.

१६/ इतर देशांनी हा धोका ओळखून काही उपाय केले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील मॅकफर्सन कॉलेजात १९७६ पासून मोटारींच्या पुनरुज्जीवनाचे शिक्षण दिले जाते, आणि आज तेथे या विषयात चार वर्षांची पदवी मिळते. ब्रिटनमध्ये बिस्टर येथील हवाई दलाच्या जुन्या तळावर २०१३ पासून जुन्या मोटारींच्या कारागिरीचे केंद्र उभे राहिले आहे आणि तेथे तरुण उमेदवार शिकतात. आपल्याकडील आयटीआयचे मोटर मेकॅनिकचे शिक्षण रस्त्यावरच्या चालू वाहनांसाठी आहे, आणि ते तसे असणे योग्यच आहे. पण एखाद्या क्लबने निवृत्त मिस्त्रीला मानधन देऊन वर्षाला दोन-चार आयटीआय विद्यार्थी त्याच्या हाताखाली ठेवले, तर त्याचा खर्च एका दिमाखदार रॅलीच्या मेजवानीपेक्षा अधिक होणार नाही.

१७/ कायद्याची बाजूही पाहावी लागेल. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले वाहन व्हिंटेज ठरते. त्याला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. असे वाहन प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी नाही. जुनी मोटार ही जपण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या नियमांनी प्रथमच स्पष्ट शब्दांत मान्य केले. त्याचे स्वागतच आहे.

१८/ अडचण पन्नास या आकड्यात आहे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि नूतनीकरण. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० झाले. त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. २००० साली नोंदलेली पद्मिनी २०५० मध्ये व्हिंटेज होईल. तोवर तिने सात वेळा नूतनीकरणाच्या चाळणीतून पार पडायचे आहे. त्याच वर्षी जन्मलेल्या तरुणाने ती आज घेतली, तर गाडीला सन्मान मिळेल तेव्हा तो स्वतः पन्नाशीत असेल. पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत कायद्याच्या लेखी ती केवळ म्हातारी गाडी आहे.

१९/ जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'फिवा'ने, ऐतिहासिक वाहनासाठी तीस वर्षांची अट धरली आहे. गाडी मूळ रूपात राखलेली असावी आणि रोजच्या वाहतुकीसाठी वापरली जात नसावी, अशा आणखी अटी आहेत. भारतातही तीस वर्षांपुढील गाड्यांसाठी अशी मधली श्रेणी असावी. यावर रास्त आक्षेप आहे तो हवेचा. जुन्या इंजिनातून अधिक धूर निघतो आणि शहरांची हवा आधीच वाईट आहे. दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल वाहनांवर न्यायालयीन आदेशाने बंदी आली ती याच कारणाने. अंमलबजावणीत पुढे बदल झाले तरी मूळ चिंता खोटी नव्हती.

२०/ म्हणून मागणी सरसकट सवलतीची नसावी. वर्षाला ठरावीक किलोमीटरांची मर्यादा, धंद्याला पूर्ण मनाई, मूळ रूपाची तपासणी आणि त्या बदल्यात परवडणारे शुल्क, असा व्यवहार सरकार आणि हौशी मंडळी यांच्यात होऊ शकतो. महिन्यातून दोन रविवार निघणाऱ्या गाडीने हवा किती बिघडेल आणि रोज पन्नास किलोमीटर धावणाऱ्या गाडीने किती, हा फरक नियमात यायला हवा. क्लबांनी ही बाजू लावून धरली पाहिजे. आजवर त्यांचा आवाज प्रामुख्याने पन्नास वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठी उठला, कारण सभासदांच्या गाड्या त्याच होत्या.

२१/ इंधनाचा प्रश्नही आहे. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. आरोग्याच्या दृष्टीने ते अत्यावश्यकच होते, पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका शिशाच्या आधाराने टिकत, त्या झिजू लागल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल ओलावा शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केट खराब करते, उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला इथेनॉलने आधार दिला आहे, तेव्हा त्याविरुद्ध गळा काढण्यात अर्थ नाही. नळ्या बदलाव्यात, टाकी रिकामी ठेवावी, कोणता भाग कशाने बदलावा हे लिहून सर्वांना द्यावे. असे ज्ञान आज एकेका माणसाजवळ सुटे-सुटे पडले आहे. ते एकत्र करणे हेच खरे जतन.

२२/ मग गाड्या सरळ संग्रहालयांत ठेवाव्यात का? कोइम्बतूरचे जीडी कार म्युझियम किंवा हरियाणातील तावडूचे हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम यांचे काम मोलाचे आहे. परंतु सगळ्या गाड्या तेथे मावणार नाहीत, आणि उभी गाडी अर्धेच बोलते. 'फिवा'ने स्वीकारलेली ट्यूरिनची सनद जुन्या वाहनाचा रस्त्यावरील वापर हाही वारशाचाच भाग मानते. ते समजून घेण्यासाठी ट्यूरिनला जाण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दरवर्षी बाहेर निघते आणि लोक ती पाहायला उभे राहतात. तिला दसऱ्याला निघायचे आहे, म्हणून कोणीतरी तिचे इंजिन जाणतो. कामच उरले नाही, तर जाणकारही उरत नाही.

२३/ याच कारणाने जुन्या गाडीत बॅटरी आणि विजेची मोटर बसवण्याच्या नव्या टुमीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ज्याला शहरात रोज फिरायचे आहे, त्याने खुशाल तसे करावे. पण इंजिन काढून टाकलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणता येणार नाही, अशी 'फिवा'ची भूमिका आहे आणि ती पटण्याजोगी आहे. निदान मूळ इंजिन, गिअरबॉक्स आणि सुटे केलेले सर्व भाग जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या पिढीला गाडी पूर्ववत करण्याचा मार्ग मोकळा राहील.

२४/ ज्येष्ठ मंडळींकडून आज तीन गोष्टी अपेक्षित आहेत. पहिली, प्रत्येक गाडीची वही : कोठून आली, कोणी दुरुस्त केली, कोणता भाग मूळ, कोणता बदललेला, कोणता कोठे मिळाला. दुसरी, गाडी आपल्यामागे कोणाकडे जावी याची लेखी सोय. घरच्यांना रस नसेल तर रस असलेल्या माणसाचे नाव लिहावे. ते नाव घराबाहेरचे असले तरी बिघडत नाही. तिसरी आणि सर्वांत अवघड, चावी. विशीतल्या मुलाच्या हाती गाडी देताना जीव खालीवर होतो हे खरे. पण गिअर घसरण्याची भीती बाळगून ज्यांनी कधीच कोणाला शिकवले नाही, त्यांच्या गाड्या अखेर लिलावातच गेल्या.

२५/ आणि इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी : या कामात उतरण्यासाठी गाडी विकत घ्यावी लागत नाही. आपल्या गावातील सर्वांत जुने गॅरेज शोधावे. तेथील मिस्त्रीची, त्याच्या परवानगीने, मुलाखत ध्वनिमुद्रित करावी. कोणाकडे शिकलात, पहिली गाडी कोणती उघडली, सुटा भाग मिळाला नाही तेव्हा काय केले, हे विचारावे. त्याचे हत्यार, त्याच्या हाताची पद्धत चित्रित करावी. घरातील कपाटात जुने आरसी बुक, कंपनीची पावती, सर्व्हिसची पुस्तिका, गाडीसमोर उभे राहून काढलेले छायाचित्र असेल, तर ते स्कॅन करावे. छायाचित्राच्या मागे साल, ठिकाण, गाडीचा क्रमांक आणि त्यातील माणसांची नावे लिहून ठेवावीत. ही नावे सांगू शकणारी माणसे आज घरात आहेत. हे काम येत्या सुट्टीतच करावे.